आधी पाण्यातून बाहेर यायला शिकवा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी ७ वर्षांची. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. पोहायला घातलं की मूल धीट होतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तुम्ही तिला २१ दिवसांच्या उन्हाळी बॅचला घातलंत. आज सहावा दिवस आणि ती अजून दुसऱ्या पायरीच्या खाली उतरलेली नाही. बरोबर आलेला शेजारचा मुलगा तलावाची रुंदी पार करायला लागला. सर म्हणतात, "एकदा ढकलून देऊ, भीती मोडेल." ढकलू द्यावं की काढून घ्यावं, आणि काढून घेतलं तर 'मला जमत नाही' हे तिच्या मनात कायमचं बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

ढकलू देऊ नका. पाण्यापासून लांबही नेऊ नका. बॅच बदलावी का, हे तिथल्या सरांशी एकदा नीट बोलल्यावर ठरेल. त्याकडे शेवटी येते.

मी सांगलीत गेली २४ वर्षं लहान मुलांना पोहायला शिकवते. 'आत्मविश्वास वाढावा म्हणून' मुलांना घेऊन येणारे आईबाबा दर उन्हाळ्यात भेटतात आणि त्यांची अपेक्षा चुकीची नाही. पोहण्यानं मुलं बदलताना मी पाहिली आहेत. पण पाण्याला हात लागला की आत्मविश्वास आपोआप येतो, असं होत नाही. तो कुठून येतो हे कळलं नाही, तर त्याच तलावातून मूल आणखी घाबरून घरी जातं. तुमच्याकडे सध्या तेच चाललंय. म्हणून '२१ दिवसांत ती पोहायला शिकेल का' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा आहे की पाण्यात आपल्याला काय होणार आणि त्यातून बाहेर कसं यायचं, हे तिच्या हातात आहे असं तिला वाटतं का? सहा दिवसांत तसं वाटण्यासारखं काही घडलेलं दिसत नाही.

माझी एक चूक सांगते. शिकवायला लागून मला दोन-तीन वर्षं झाली होती. एका तलावावर पहाटेची बॅच होती आणि त्यात एक मुलगा असाच काठ धरून बसायचा. आठवडा उलटला, वडील रोज विचारायचे. एके दिवशी मी त्याला उचललं आणि छातीएवढ्या पाण्यात सोडलं. तो गटांगळ्या खात दोन हात मारून काठाला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वडील खूश झाले. त्या महिन्यात तो पोहायलाही शिकला. पण पुढचा सगळा महिना मी त्याच्या डाव्या बाजूला गेले की तो उजवीकडे सरकायचा. माझ्याकडे पाठ म्हणून करायचा नाही. पाण्याची भीती गेली असेल, माझी भीती बसली होती. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्यानंतर मी एकाही मुलाला ढकललेलं नाही.

यावर लोक म्हणतात, "आम्हाला तर विहिरीत फेकून शिकवलं, आम्ही नाही का शिकलो?" पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हणही पुढे येते. मीसुद्धा विहिरीतच शिकले, काकांनी शिकवलं. पण ते शिकवणं कसं होतं तेही आठवावं. पाठीला वाळका भोपळा बांधलेला, कुणाला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, तर कुणाला बूच घट्ट बसवलेला डबा. कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काकांच्या हातात. खाली पाण्यात चुलतभाऊ आधीच उतरलेला. पहिले कित्येक दिवस मी नुसती पायरीवर बसून मोठ्या मुलांचे मुटके, म्हणजे अंग मुडपून मारलेल्या उड्या, बघत होते आणि कुणी काही बोललं नाही. भोपळा लहान होत गेला, दोर सैल होत गेला, आणि एके दिवशी काठावरून उडी मीच मारली. फेकणं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, दोर धरलेला हात विसरला गेला. म्हणीतही 'पडल्याशिवाय' आहे, 'पाडल्याशिवाय' नाही.

आता भीतीकडे येऊ. 'पाण्याची भीती' असं आपण सरसकट म्हणतो, पण मूल नेमकं कशाला भितं ते शोधावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची भीती श्वासाची असते. मूल तोंड पाण्यात घालताना श्वास कोंडून धरतं. छातीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि शरीर 'श्वास घे' म्हणून धडका मारायला लागतं. मूल घाईनं डोकं वर काढतं. कोंडलेला श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा ही दोन्ही कामं एका क्षणात करायला जातं, आणि नेमकं तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. आपण म्हणतो घाबरट आहे. खरं तर तिच्या शरीरानं तिला योग्य सूचना दिलेली असते, फक्त त्या सूचनेचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. पाण्याखाली हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे वर आल्यावर नुसता श्वास आत घ्यायचा उरतो. हे जमलं की निम्मी भीती तिथंच संपते.

काहींची भीती कानांची असते. पाठीवर तरंगताना कान पाण्यात जातात, आवाज एकदम बदलतो, आईचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो आणि वर नुसतं आभाळ दिसतं. बुजऱ्या मुलांना हा एकटेपणा जास्त जाणवतो. काहींना खोल बाजूचा गडद निळा रंग बघवत नाही. आणि काहींना नुसती थंडी वाजत असते. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं काढून घेतं, आणि किरकोळ अंगाची मुलं फार लवकर गारठतात. स्पर्धेच्या तलावाचं पाणी साधारण २५ ते २८ अंश असतं. ते जोरात पोहणाऱ्याला ठीक आहे. पायरीवर उभं राहून आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या ७ वर्षांच्या मुलीला ते बोचतं. सकाळी साडेसहाच्या बॅचला रडणारी मुलं दुपारी चारच्या बॅचला हसत उतरलेली मी पाहिली आहेत. तुमच्या मुलीचे ओठ निळसर होतात का, दात वाजतात का, हे आधी बघा.

काही भीती मात्र अनुभवातून आलेली असते आणि तिचा मान ठेवावा लागतो. २०१९ च्या महापुरात आमच्या भागात घराघरांत पाणी शिरलं. त्या रात्री माळ्यावर बसून काढलेला एक मुलगा २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. ११ वर्षांचा, अंगानं दणकट. पण पाणी छातीला लागलं की पांढरा पडायचा. त्याला तरंगायला तीन महिने लागले, म्हणजे उन्हाळा संपून पावसाळा सुरू झाला तरी आमचं चालूच होतं. अशा मुलाला २१ दिवसांचा हिशेब लावताच येत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं काही घडलंय का, कधी टबमध्ये पाय घसरला, समुद्रावर लाटेनं पाडलं, हे आठवून बघा. कानाचा त्रास, दमा किंवा फिट्स असतील तर डॉक्टरांना विचारून आणि शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगूनच पुढे जायचं.

आता मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी मी पाण्यात उतरायला शिकवतच नाही, पाण्यातून बाहेर यायला शिकवते. पायऱ्यांनी वर या, बार धरून काठाकाठानं पायरीपर्यंत सरका, आणि काठावर दोन्ही कोपरं टेकवून, पोट टेकवून, एक गुडघा वर घेऊन स्वतःला बाहेर काढा. हे पन्नासदा करून घेते. मुलं याला खेळच समजतात. पण त्यातून एक गोष्ट पक्की होते: मला नको झालं तर मी बाहेर येऊ शकते, कुणाची परवानगी नको, कुणाचा हात नको. ज्या मुलाला दार कुठं आहे ते माहीत असतं, ते खोलीत शांत बसतं.

मग बुडबुडे. आधी हनुवटी, मग तोंड, मग नाक, मग डोळे, मग कान. ज्या दिवशी जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत. मग तरंगणं. छातीत हवा भरून घेतली की बहुतेक माणसं तरंगतात, पाय मात्र खाली जातात, कारण हवा छातीत असते आणि पाय जड असतात. हे मी मुलांना सांगते. 'पाणी तुला उचलतं' हे नुसतं ऐकवून उपयोग नाही, म्हणून मी त्यांना तळाचं नाणं उचलायला लावते. श्वास भरून खाली बसायला गेलं की पाणी ढुंगण वर ढकलतं आणि नाणं काही हाती लागत नाही. मुलं चिडतात, हसतात, पुन्हा प्रयत्न करतात. बुडायची भीती असलेलं मूल 'बुडताच येत नाही' अशी तक्रार करायला लागतं, तो क्षण मला फार आवडतो.

तरंगण्याबरोबर लगेच उभं राहणं शिकवायचं, आणि इथंच अनेक ठिकाणी घाई होते. पोटावर तरंगत असाल तर गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं वर आणि मग पाय खाली. पाठीवर असाल तरी गुडघे पोटाशीच, फक्त हनुवटी छातीकडे आणायची. हे न शिकवता मुलाला किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायची तरंगती फळी, दिला, तर ते पुढे जातं खरं, पण थांबता येत नाही. ब्रेक माहीत नसताना सायकल उतारावर सोडल्यासारखी त्याची अवस्था होते. काठ पकडण्यासाठी ते जिवाच्या आकांतानं पाय मारतं आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय छान किक मारतंय.

दुसरी गोष्ट शब्दाची. "माझ्यापर्यंत ये" असं म्हणून मूल निघालं की दोन पावलं मागे सरकायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याला जास्त अंतर पोहायला लावायची ती युक्ती असते. मूल पोहतंही. पण डोळे उघडून ते बघतं, तर मॅडम होत्या तिथं नाहीत. मी मागे सरकत नाही. तीन हात म्हटलं तर तीनच हात. 'तीन मोजून सोडते' म्हटलं तर दोनला सोडत नाही आणि पाचपर्यंत ताणतही नाही. चौथा हात हवा असेल तर आधी विचारते, "आज चार करायचे?" मूल नाही म्हणालं तर तीन. आश्चर्य म्हणजे विचारलं की बहुतेक मुलं दोन दिवसांत हो म्हणतात. त्या 'हो'मध्येच सगळं आहे. अंतर तिनं ठरवलं, पारही तिनंच केलं. ढकललेल्या मुलाकडे हे नसतं. त्याच्या लेखी जे झालं ते कुणीतरी दुसऱ्यानं केलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा विश्वास मुख्यतः चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्यानं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्यानं, कुणी धीर दिल्यानं, आणि स्वतःच्या शरीराची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड वगैरे, आपण कशी समजून घेतो त्यावरून. यातली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. आपण मोठी माणसं मात्र सगळा जोर तिसरीवर देतो. "तू शूर आहेस ना? काही होत नाही!" मुलाला तर काहीतरी होत असतं, छाती उडत असते. मग त्याला वाटतं, हिला माझं कळतच नाही. त्यापेक्षा मी म्हणते, "छाती धडधडतेय ना, पहिल्यांदा कान बुडवताना धडधडते. काल तू नाकापर्यंत गेली होतीस, आज डोळे बुडवलेस." जे घडलं तेवढंच सांगायचं. कौतुक वेगळं करावं लागत नाही.

दुसरी वाटही महत्त्वाची आहे. घाबरलेल्या मुलाला बॅचमधला सगळ्यात पटाईत मुलगा दाखवून उपयोग होत नाही. तो तिला वेगळ्या जातीचाच प्राणी वाटतो. कालपर्यंत रडणारी आणि आज बुडबुडे सोडायला लागलेली मुलगी शेजारी उभी केली तर उपयोग होतो. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना घरीसुद्धा बंद करा. "बघ तो कसा" हे वाक्य तुम्ही प्रेमानं म्हणत असाल, तरी तिला 'तू अशी नाहीस' एवढंच ऐकू येतं.

पाण्याची आणखी एक गंमत सांगते. मैदानावर मागे पडणारी मुलं पाण्यात कधी कधी पुढे असतात. अंगानं गुबगुबीत म्हणून शाळेत चिडवली जाणारी एक मुलगी माझ्याकडे होती. पळण्यात शेवटची, खो-खोत कुणी घ्यायचं नाही. पण चरबी पाण्याहून हलकी असते. पहिल्याच आठवड्यात ती पाठीवर अशी निवांत तरंगली की काटकुळी मुलं बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शरीराचा तिला फायदा झाला होता. आमच्या जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तेच १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. जमिनीवर शरीर साथ देत नसलं तरी पाण्यात देऊ शकतं, हे मुलांना सांगताना मला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही.

मग पाण्यातला हा विश्वास वर्गापर्यंत जातो का? खरं सांगायचं तर कधी जातो, कधी नाही. आत्मविश्वास बराचसा त्या-त्या कामापुरता असतो. उत्तम पोहणारी आणि स्टेजवर तोंड न उघडणारी मुलं मला माहीत आहेत, आणि त्यांच्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. पण पूल बांधता येतो. एखादं मूल तरंगायला लागलं की मी त्याला नवीन आलेल्या मुलाला बुडबुडे शिकवायला सांगते. कुजबुजत का होईना, बोलावं लागतं. घरी तुम्ही विचारू शकता, "पहिल्या दिवशी भीती वाटत होती, मग तू काय केलंस?" तिनं तिच्या शब्दांत सांगितलं की ती रीत तिची होते. पुढे कधीतरी वर्गात हात वर करताना 'आधी नाकापर्यंत, मग डोळ्यांपर्यंत' हे तिला आठवू शकतं. आठवेलच असं वचन मी देणार नाही, आणि 'पोहणं शिकल्यावर तरी बोलशील ना' असं ओझं तुम्हीही तिच्यावर टाकू नका.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आत्मविश्वास खरा हवा. दंडाला हवेचे फुगे लावून तलावभर हिंडणाऱ्या मुलाला वाटतं, मला पोहता येतं. फुगे नसताना ते त्याच विश्वासानं उडी मारतं. तसंच २१ दिवसांत रुंदी पार करणाऱ्या मुलाला विहीर, नदी, धरण किंवा कोकणातला समुद्र जमेल असं अजिबात नाही. तिथं पायरी नाही, बार नाही, तळ दिसत नाही, पाणी ओढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. ६ वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याबरोबर पाण्यातली सुरक्षितता शिकवावी असं ही संघटना सांगते, आणि 'बरोबर' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याच्या पातळीला असतं आणि श्वासालाच हवा पुरत नाही. म्हणून मूल पोहायला शिकलं तरी लहान वयात ते हाताच्या अंतरावरच हवं. "इथं मी उतरणार नाही" असं मित्रांसमोर म्हणता येणं, हा माझ्या मते पोहण्यानं दिलेला सर्वांत मोठा धीटपणा आहे. आणि तो तुमच्या मुलीकडे आजच थोडा आहे. सहा दिवस सगळे खाली ये म्हणत असताना ती पायरीवर ठाम उभी आहे.

आता सरांशी काय बोलायचं ते. तीन गोष्टी विचारा. एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं आहेत? न पोहता येणारी दहा-बारा मुलं एकाच्या हाती असतील तर सर कितीही चांगले असोत, तुमच्या मुलीसाठी त्यांना वेळच नाही, आणि ते सुरक्षितही नाही. दुसरं, तिला पाहिजे तितके दिवस पायरीवरच काम करू देतील का? तिसरं, ढकलणार नाही असा शब्द देतील का? तिन्हीची उत्तरं बरी आली तर तिथंच राहा. सर मनानं वाईट नसतील, त्यांनाही तसंच शिकवलं असेल. उत्तरं बरी आली नाहीत तर बॅच सोडा आणि तिला सांगा, "ही बॅच आपल्यासाठी नव्हती, आपण दुसरी शोधू." यात ती हरली असं काहीच नाही.

घरी आंघोळीच्या वेळी बादलीत तोंड घालून बुडबुड्यांची शर्यत लावा, तुम्ही स्वतः बसून. डोक्यावर तांब्या ओतायचा तो तिनंच ओतायचा, तुम्ही नाही. एखाद्या दिवशी बॅच सुरू व्हायच्या आधी अर्धा तास, परवानगी काढून, तुम्ही दोघी पायरीवर पाय सोडून बसा. मोबाइल पिशवीत राहू दे. तिला म्हणा, आज खाली उतरायचं नाही, फक्त बाहेर कसं यायचं ते बघू. मग बार कुठं आहे, पायऱ्या किती आहेत, हे तिला मोजू दे.